दुकान उघडण्याआधी : कागद पहिला, रंग शेवटी
(शेतीसामानाचे छोटे दुकान थाटू पाहणाऱ्या सभासदांसाठी)



उसाचे बिल हाती आले की घरात त्याच्या वाटण्या सुरू होतात. सोसायटीचे कर्ज, बोअरची मोटर, लेकीचे लग्न, लेकरांची फी. अलीकडे या यादीत आणखी एका बाबीची भर पडू लागली आहे. शिकून घरी आलेला मुलगा म्हणतो, "दादा, रोडची आपली खोली मोकळीच पडली. तिथं शेतीसामानाचं दुकान टाकू की." विचार वाईट नाही. गावातल्या माणसाला दोन खुरपी आणि एक दावे घ्यायला वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात जावे लागू नये, आणि आपला पैसा आपल्याच गावात फिरावा, हे कोणाला नको आहे?

पण अशी दुकाने थाटताना एक गोष्ट वारंवार घडते. पहिला पैसा जातो शटरला, चकचकीत फरशीला, काचेच्या कपाटाला आणि मोठ्या बोर्डाला. मग कळते की परवान्याचा अर्जच केलेला नाही. तो होईपर्यंत मृग निघून जातो. माल येतो तेव्हा छप्पर गळते. दुकानाचे तोंड सजते आणि पोट रिकामे राहते. म्हणून या लेखात कामांचा क्रम सांगितला आहे : आधी कागद, मग छप्पर आणि जमीन, मग मांडणी, मग माल, आणि रंग सर्वांत शेवटी.

१. काय विकणार, ते आधी ठरवा

गावच्या दुकानात काय काय लागते ते मोजून पाहू. कासरे, दावी, म्होरक्या, खुरपी, विळे, कोयते, फावडी, घमेली, ताडपत्री, पाइप, ठिबकचे सुटे भाग, बादल्या, फवारणी पंप व त्याचे वायसर. परसात लावायला मेथी, पालक, भेंडी, दोडक्याच्या बियांच्या पुड्या. शिवाय युरिया, डीएपी, तणनाशक, कीडनाशक. आणि जनावरांसाठी सरकी पेंड, कोंबड्यांसाठी खाद्य. हे सगळे एकाच खोलीत असावे असे कोणालाही वाटेल. परंतु कायद्याच्या आणि शहाणपणाच्या दृष्टीने या मालाचे तीन वेगळे ढीग आहेत.

पहिला ढीग हत्यारे, दोर, ताडपत्री, पाइप, बादल्यांचा. याला कृषी खात्याचा परवाना लागत नाही.

दुसरा ढीग बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचा. या तिन्हींना तीन वेगळे परवाने लागतात. बियाण्यासाठी १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश, खतासाठी १९८५ चा खत नियंत्रण आदेश आणि कीटकनाशकासाठी १९६८ चा कायदा व त्याखालील १९७१ चे नियम. एक परवाना काढला म्हणजे तिन्ही विकता येतात, असा समज असेल तर तो काढून टाकावा.

तिसरा ढीग खाण्याच्या वस्तूंचा : पेंड, सरकी, भुसा, कोंबडीखाद्य, किराणा. इथेच खरी गाठ आहे. कीटकनाशक नियमांत स्पष्ट म्हटले आहे की, माणसाने किंवा जनावराने खायची वस्तू ज्या इमारतीत साठवली किंवा विकली जाते, त्याच इमारतीत कीटकनाशक ठेवता किंवा विकता येत नाही. घरात झुरळ-मच्छरांसाठी वापरायच्या औषधांची किरकोळ विक्री तेवढी यातून वगळली आहे. म्हणजे एका खोलीच्या दुकानदाराला निवड करावी लागते : पेंड की औषध? मध्ये पडदा टाकला किंवा प्लायवुड ठोकले म्हणून एका इमारतीच्या दोन होत नाहीत.

"एवढं कोण पाहतंय?" असे कोणी म्हणेल. त्यांनी १६ जुलै २०१३ आठवावा. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ लेकरे दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. विषाचा डबा आणि तेलाचा डबा यांच्यातले अंतर मिटले की काय होते, याचा याहून मोठा धडा नाही. आपल्या पोरांना दुकानात पाठवताना आपण विश्वासाने पाठवतो. तो विश्वास दुकानाच्या नकाशातच बांधावा लागतो.

आमची सूचना अशी : पहिल्या वर्षी परवाना न लागणाऱ्या मालावर दुकान सुरू करावे. पुढे बियाणे आणि खत जोडावे. पेंड विकायची असेल तर औषधाचा नाद सोडावा. औषध विकायचे असेल तर पेंड दुसऱ्या, स्वतंत्र जागेत न्यावी.

२. कागद

परवान्यासाठी अर्ज कृषी विभागाकडे ऑनलाइन करायचा असतो. नेमकी कोणती कागदपत्रे लागतील याची चौकशी आपल्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आधीच करावी. साधारणपणे जागेच्या मालकीचा उतारा किंवा भाडेकरार, जागेचा नकाशा, शिक्षणाचे प्रमाणपत्र आणि ज्या कंपनीचा माल विकायचा तिचे पत्र लागते. खताच्या बाबतीत या पत्राला 'ओ फॉर्म' म्हणतात. परवाना त्या ठरावीक जागेचा असतो. म्हणून भिंत कुठे घालायची, गोदाम कोणते, दुकान कोणते, हे अर्जाआधी ठरले पाहिजे. आधी बांधले आणि मग नकाशा काढला, तर पुन्हा पाडापाडी आलीच.

शिक्षणाची अट नीट समजून घ्यावी. पूर्वी दहावी-बारावी झालेला माणूसही औषधाचे दुकान टाकत असे. आता कीटकनाशकाच्या नव्या परवान्यासाठी दुकानदाराकडे किंवा त्याने नेमलेल्या माणसाकडे कृषी विषयाची किंवा रसायन, वनस्पती, प्राणिशास्त्र अशा विषयांची विज्ञान पदवी, नाहीतर कृषी, फलोत्पादन वा पीकसंरक्षणाची एक वर्षाची मान्यताप्राप्त पदविका असावी लागते. आधीपासून दुकान चालवणाऱ्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ पासून 'देसी' ही पदविका सुरू केली आहे. आठवड्यातून एक दिवस, असे ४८ आठवडे. यातले ४० दिवस वर्गात आणि ८ दिवस शेतावर. धंदा सांभाळून शिकता येते. याविषयी तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात विचारावे. दुसऱ्याचे प्रमाणपत्र भिंतीला टांगून औषध विकणे हा प्रकार मात्र करू नये. शेतकरी कागदाला विचारत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारतो, "काय मारू?"

३. छप्पर आणि जमीन

आपल्याकडे दुकानासाठी मोकळी असते ती बहुधा जुनी माळवदाची किंवा पत्र्याची खोली. तिची परीक्षा रंगाच्या डब्याने होत नाही. ती पुढील पाच ठिकाणी करावी.

माळवद : दर वर्षी वर नवी माती टाकून टाकून माळवदाचे ओझे वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात जी माणसे गेली, त्यांतली कितीतरी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदे अंगावर येऊन गेली. आपला भागही धक्क्यांपासून मोकळा नाही. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही सकाळी कळमनुरी तालुक्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तुळई वाकली असेल, खांब किडला असेल, तर तिथे दुकान थाटू नये. माळवद उतरवून हलके छप्पर घालावे. खर्च वाटतो, पण हाच खर्च पहिला.

पत्रे : खिळ्याच्या जागी गळती आहे का हे उन्हाळ्यातच पाहावे. दुपारी आत उभे राहून दार लावून घ्यावे. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार. पत्र्याखाली उष्णता फार होते आणि बियाणे व औषध दोन्ही उष्णतेने बिघडतात. खालून छत मारावे आणि वर समोरासमोर झरोके ठेवावेत.

जोते : काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. भिंतीला कोपऱ्यातून तिरपी चीर असेल तर नुसता गिलावा करून ती झाकू नये, गवंड्याला पाया दाखवावा. जोत्याची उंची रस्त्यावरून नव्हे, आजवर आलेल्या सर्वांत मोठ्या पाण्यावरून ठरवावी. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत आणि दुकानांत शिरले होते. ओढ्याकाठच्या गावांनी हे विसरू नये. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे, "पाणी कुठवर आलं होतं?" त्याने दाखवलेल्या खुणेच्या वर मालाची खालची फळी असावी.

जमिनीची ओल : एक सोपी परीक्षा आहे. संध्याकाळी फरशीवर हातभर प्लास्टिकचा कागद अंथरून कडांवर वजन ठेवावे. सकाळी उचलून पाहावे. खालच्या अंगाला दव असेल तर जमीन ओल सोडते. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून ही ओल वर येते. सांधे भरून घ्यावेत आणि कोणतेही पोते थेट जमिनीवर ठेवू नये.

उंदीर-घुशी : दाराखालची फट, पाइपाचे भोक, भिंत आणि पत्रा यांच्यामधली जागा बुजवावी. झरोक्याला बारीक जाळी ठोकावी.

एक गोष्ट घाईत विसरते. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला निदान आठवडाभर पाणी मारावे लागते आणि त्यानंतर भिंत कित्येक दिवस ओल सोडत राहते. अशा खोलीत सोयाबीनचे बियाणे आणून ठेवले तर उगवण जाणारच. तेव्हा बांधकाम चैत्रात संपवावे, वैशाखभर खोली वाळू द्यावी आणि रोहिण्या निघण्याच्या सुमारास माल भरावा.

४. मांडणी

मांडणीचे सूत्र एका ओळीत : जड खाली, विष कुलपात, बियाणे सर्वांत कोरड्या बाजूला.

खताची पोती लाकडी फळ्यांच्या पाटावर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हात-दीड हात सोडून रचावीत. युरिया हवेतले पाणी ओढतो आणि त्याचे ढेकूळ होते. मार्च २०१८ पासून त्याचे पोते ४५ किलोचे आहे, पण पोते लहान झाले म्हणून थप्पी आढ्याला भिडवू नये. बियाणे आणि खत एकमेकांना चिकटून नको. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते. पोते वरून आपटले की आतला अंकुर दुखावतो, आणि बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. मग शेतात ७० टक्क्यांऐवजी ४० टक्के उगवले की भांडण दुकानाच्या दारात येते. हमालाला हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

औषधांसाठी वेगळी खोली असावी. माल थोडा असेल तर कुलपाचे वेगळे कपाट तरी असलेच पाहिजे. जागा कोरडी, उजेडाची व हवेशीर असावी. बाटल्यांवरच्या त्रिकोणाच्या रंगाप्रमाणे कप्पे करावेत : लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे, हे गिऱ्हाइकाला सांगावे. लाल व पिवळे सर्वांत खालच्या फळीवर, म्हणजे फुटले तरी अंगावर येणार नाही. मुदत संपलेल्या बाटल्या लगेच वेगळ्या काढाव्यात व त्यांवर 'विक्रीसाठी नाही' असे लिहावे. कोपऱ्यात कोरड्या वाळूची बादली ठेवावी. सांडलेल्या औषधावर वाळू टाकून ते टिपता येते. हात धुवायला पाणी व साबण दुकानाच्या बाहेरच्या बाजूला असावा.

धक्क्यांचा भाग असल्याने प्रत्येक रॅक भिंतीला लोखंडी पट्टीने आवळून टाकावे आणि फळीच्या कडेला दोन बोटे उंचीची पट्टी ठोकावी. हे काम फार तर अर्ध्या दिवसाचे आहे.

विजेचे जुने कापडी वेष्टणाचे वायर काढून टाकावेत. दुकानासाठी व्यापारी मीटर घ्यावे. घरच्या मीटरवर दुकान चालवणे पुढे महाग पडते. खत विकायचे असेल तर पॉस मशीन चालू राहील इतकी वीज आणि मोबाइलची रेंज लागते. २०१८ पासून खताचे अनुदान कंपनीला मशीनवर नोंदलेल्या विक्रीवर मिळते. त्यामुळे गोदामातली पोती आणि मशीनमधली पोती यांचा मेळ रोज बसला पाहिजे.

५. पैसा कसा वाटावा

समजा हाती ३ लाख रुपये आहेत. त्याचे तीन सारखे वाटे करावेत. एक जागेला, एक मालाला आणि एक पेटीत. पेटीतला वाटा पाहून पुष्कळांचा जीव खालीवर होतो. "पैसा नुसता बसवून ठेवायचा का?" होय, ठेवायचा. कारण मालाचे पैसे आधी द्यावे लागतात आणि शेतकऱ्याकडून ते पीक निघाल्यावर येतात. मधले महिने दुकान या तिसऱ्या वाट्यावर जगते. जागेचा वाटा एक लाखावर जाऊ लागला तर काचेचे कपाट कापावे, छप्पर कापू नये.

माल भरताना पंचांग समोर ठेवावे. वैशाखात ताडपत्री, पाइप, हळदीचे बेणे हाताळायची टोपली-घमेली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हळदीला लागणाऱ्या सामानाची मागणी आपल्याकडे राहणारच. मृगात खुरपी, पंपाचे सुटे भाग आणि परसबागेच्या पुड्या. दसऱ्यानंतर कोयते, विळे, दोर. वर्षभराचा माल एकदम भरणे म्हणजे पैशाला गंज लावणे होय. परसबागेचे बियाणे घ्यायला बहुधा घरातली बाईच येते. तिला दहा-वीस रुपयांची पुडी हवी असते, किलोचे पाकीट नको. ही छोटी विक्री रोखीची असते आणि पावसाळ्यात रोजचा गल्ला तीच चालवते.

६. उधारी

आता सर्वांत नाजूक विषय. गावचे दुकान पावसाने बुडत नाही इतके उधारीने बुडते.

हिशेब पाहा. समजा १०० रुपयांच्या मालात ६ रुपये सुटतात. १,००० रुपयांची उधारी बुडाली तर ती भरून काढायला सुमारे १६,७०० रुपयांचा माल विकावा लागतो. एका नातेवाइकाच्या भिडेखातर महिनाभराची मेहनत जाते.

इंग्लंडातील रॉचडेल गावी २८ कामकऱ्यांनी, त्यांत बरेच विणकर होते, मिळून २८ पौंड जमवले, टोड लेन नावाच्या गल्लीत एका गोदामाचा तळमजला भाड्याने घेतला आणि २१ डिसेंबर १८४४ ला छोटे दुकान उघडले. माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ. गल्लीतल्या लोकांनी त्यांची टिंगल केली म्हणतात. पण त्यांनी नियम पाळले : माप पुरते, माल चोख आणि विक्री रोखीने. सहकारी दुकानांची जगभरची चळवळ त्या खोलीला आपले मूळ मानते. आपला कारखानाही त्याच सहकाराच्या वाटेवरचा आहे.

आपल्याकडे शंभर टक्के रोखी चालणार नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण उधारी पिकाच्या मुदतीने मोजावी. सोयाबीनला दिलेली उधारी चार-पाच महिन्यांत परत येऊ शकते. हळदीला दिलेली, काढणी, शिजवणी, वाळवणी आणि विक्री होऊन यायला दहा-अकरा महिने. आणि आडसाली उसाला लागणीच्या वेळी दिलेले खत? ऊस तुटेपर्यंत दीड वर्ष. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची तरतूद आहे, पण एखाद्या हंगामात काय होते ते सभासदांना सांगायला नको. तेव्हा छोट्या दुकानाने सोयाबीनची उधारी झेलावी, आडसालीची झेलू नये. त्यासाठी सोसायटीचे पीककर्ज आहे. ज्याचे काम त्याने करावे.

उधारीचे चार नियम दार उघडण्याआधीच ठरवावेत आणि पाटीवर लिहावेत : प्रत्येकाला मर्यादा एकच. तोंडी उधारी नाही, वहीत सही. मागची फिटल्याशिवाय पुढची नाही. घरच्या माणसालाही हाच नियम. पहिल्या दिवशी 'नाही' म्हणणे सोपे असते. शंभर खाती झाल्यावर ते कठीण जाते.

७. शेवटचे आठ दिवस

वजनकाटा वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावा. परवाने दिसतील असे टांगावेत. खत आणि बियाण्याचा साठा व भाव रोज लिहायचा फळा दर्शनी भागी लावावा, तो कायद्यानेच लागतो. बिलाची पुस्तके छापून घ्यावीत. भिंतीवर मोठ्या अक्षरांत दोन नंबर लिहावेत : रुग्णवाहिका १०८ आणि किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१. आग विझवायचे नळकांडे टांगून घरातल्या प्रत्येकाला ते चालवायला शिकवावे. हे सगळे झाले की मग भिंतीला रंग द्यावा आणि नारळ फोडावा. हार-तुरे, मंडप, पाहुणे यांवर पैसा उधळू नये.

जे सभासद दुकान टाकणार नाहीत, त्यांच्यासाठीही दोन शब्द. नव्या दुकानात पाऊल टाकाल तेव्हा भाव विचारण्याआधी जरा वर-खाली पाहा. पोती पाटावर आहेत काय? औषध कुलपात आहे काय? साठ्याचा फळा आजचा आहे काय? युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारली जात नाही ना? आणि बिल घेतल्याशिवाय निघू नका. पिशवीचे लेबल आणि बिल पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा, कारण बियाणे उगवले नाही तर तेवढाच पुरावा आपल्या हातात असतो. दुकानदार गावचा पोरगा आहे म्हणून बिल मागायला संकोच वाटायचे कारण नाही. बिल मागणारे गिऱ्हाईकच चांगला दुकानदार घडवते.